शाल, श्रीफळ आणि नियुक्तिपत्र

दोन वर्षांपूर्वी एका जिल्ह्यातल्या पत्रकार संघाने मला पुरस्कार निवड समितीवर बोलावले. ६ जानेवारीचा, म्हणजे दर्पण दिनाचा कार्यक्रम. ग्रामीण बातमीदारीचा पुरस्कार आम्ही एका तालुका प्रतिनिधीला दिला. पाणीपुरवठा योजनेची टाकी कागदावर बांधून पूर्ण, प्रत्यक्षात पायाचा खड्डा आणि त्यात वाढलेली बाभूळ, ही बातमी त्यांनी चार महिने लावून धरली होती. माहिती अधिकारातून काढलेली कागदपत्रे, एमबीची, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीची प्रत, ठेकेदाराचे म्हणणे, सगळे जिथल्या तिथे. समितीत वाद झालाच नाही. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि ११ हजारांचा धनादेश. नंतर जेवणाच्या पंगतीत ते शेजारी आले तेव्हा मी सहज विचारले, या पैशांचे काय करायचे ठरवलेय?

"दिवाळी पुरवणीच्या जाहिरातींची वसुली राहिलीय सर. ऑफिसला भरून टाकतो. नाहीतर कमिशनमधून कापतात." आणि मग जिलबीचा तुकडा मोडत म्हणाले, "आज आमचा पोळा. उद्या परत औत."

ज्या बातमीला पुरस्कार मिळाला तिचे त्यांच्या दैनिकाने त्यांना किती पैसे दिले, हे मी विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मी स्वतः बरीच वर्षे काढली आहेत. पण प्रवेशिका वाचताना हा प्रश्न आम्हा तिघा परीक्षकांपैकी एकालाही पडला नव्हता, याची लाज मला घरी येईपर्यंत पुरली.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की प्रादेशिक वृत्तपत्राच्या बातमीदाराला पुरस्कार देण्याची आपली आजची रीत बातमीदारापेक्षा त्याच्या मालकाच्या जास्त सोयीची आहे. बातमीदाराला शाल मिळते. मालकाला दुसऱ्या दिवशी 'आमच्या प्रतिनिधीचा गौरव' अशी चौकट छापायला मिळते, आणि त्यातल्या 'आमच्या' या शब्दासाठी त्याला दमडी मोजावी लागत नाही.

हा 'आमचा' माणूस असतो कोण, ते सांगायला हवे, कारण शहरातल्या वाचकाला तो पगारी नोकर वाटतो. बहुतेक जण या कामात ठरवून येत नाहीत. कुणाच्या वडिलांची पेपरची एजन्सी असते. पहाटे स्टँडवर गठ्ठे उतरवता उतरवता पोरगा बातम्या पाठवू लागतो. कुणी शिक्षक, कुणी विमा एजंट, कुणाचे झेरॉक्सचे दुकान, कुणाचा फोटो स्टुडिओ. मी डेस्कवर होतो तेव्हा त्यांच्या बातम्या एसटीच्या पाकिटातून येत. पाकिटावर लाल शाईत 'प्रेस मॅटर' लिहायचे, कंडक्टरच्या हातात द्यायचे, संध्याकाळी आमचा शिपाई ते स्टँडवरून उचलून आणायचा. कागदाला डिझेलचा वास असे. गाडी वाटेत बंद पडली की त्या तालुक्यात त्या दिवशी काहीच घडले नाही. पुढे फॅक्स आला, मग ईमेल, मग व्हॉट्सॲप. पाकीट गेले. पाकीट पाठवणाऱ्याची जागा मात्र होती तिथेच राहिली. मथळ्याखाली आम्ही 'आमच्या वार्ताहराकडून' एवढेच छापायचो. चूक झाली, कुणाची नोटीस आली, की त्या वार्ताहराचे पूर्ण नाव, गाव, फोन नंबर सगळे दोन मिनिटांत सापडायचे.

त्याला मिळते ते मानधन. हा शब्द ज्याने निवडला तो हुशार होता. मानधनात मान असतो, भविष्य निर्वाह निधी नसतो, रजा नसते, आजारपण नसते. कित्येकांचे मानधन महिन्याच्या पेट्रोललाही पुरत नाही आणि कित्येकांना तेही नाही. खरे उत्पन्न जाहिरातींच्या कमिशनचे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, दैनिकाचा वर्धापनदिन आणि आमदारांचा वाढदिवस, हे त्याचे सुगीचे दिवस. जिल्हा कार्यालयातून टार्गेट येते आणि ते गाठण्यासाठी तो बाहेर पडतो.

आता एखाद्या तालुक्यात जाहिरात देऊ शकणारे किती असतात, मोजून पाहा. साखर कारखाना, बाजार समिती, दोन-तीन पतसंस्था, एक मोठी शिक्षण संस्था, नगरपालिका, काही ठेकेदार, एखादे खासगी हॉस्पिटल. आणि ज्यांच्यावर बातमी करायला हवी असे किती? तेच. यादी एकच आहे. सकाळी ज्या चेअरमनच्या केबिनबाहेर अर्ध्या पानासाठी ताटकळायचे, त्याच चेअरमनने उसाची बिले थकवल्याची बातमी संध्याकाळी पाठवायची. बरेच जण पाठवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी डेस्कवरून त्यांना नावे ठेवायचो. पगार माझ्या खात्यावर दर महिन्याला जमा होत होता. आज आश्चर्य वाटते ते पाठवणाऱ्यांचे.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत एकाच नेत्याच्या कौतुकाचा शब्दन् शब्द सारखा मजकूर वेगवेगळ्या नावांनी छापून आला. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणले. त्याच वर्षी प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, दोन सदस्यांची उपसमिती नेमली होती. तिचा नावानिशी लिहिलेला अहवाल कौन्सिलने आधी गुंडाळून ठेवला आणि माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो बाहेर आला. तेव्हा आपल्याकडे खूप चर्चा झाली, परिसंवाद झाले. बोलणे झाले ते नेत्यांबद्दल आणि मालकांबद्दल. दरपत्रक हातात देऊन ज्याला उमेदवाराच्या दारात उभे केले गेले, त्या तालुक्याच्या माणसाला नकार देण्याची काही सोय होती का, हे विचारायला फारसे कुणी गेले नाही. ज्याची चूल जाहिरातीवर पेटते त्याला 'जाहिरात आणि बातमी यांत भिंत ठेवा' असे सांगणे म्हणजे एका खोलीच्या घरात वेगळे दिवाणखाने ठेवा म्हणण्यासारखे आहे.

यावर कायदा आहे, आणि चांगला जुना आहे. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा. त्यात पत्रकाराची व्याख्या करताना 'पूर्णवेळ किंवा अर्धवेळ' असे दोन्ही शब्द आहेत, म्हणजे अर्धवेळ काम करणारा वार्ताहर कायद्याबाहेर नाही. पण त्याच व्याख्येत आणखी एक अट आहे: पत्रकारिता हा त्याचा मुख्य व्यवसाय हवा. खाच आहे ती इथे. दैनिक इतके कमी पैसे देते की पोटासाठी दुसरा धंदा करावा लागतो. आणि दुसरा धंदा केला की पत्रकारिता मुख्य व्यवसाय उरत नाही, म्हणून तो पत्रकार नाही. पत्रकारांचे वेतन ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्राने २०११ मध्ये स्वीकारल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, आणि जून २०१७ मध्ये कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू असल्याचे स्पष्ट केले. पण कंत्राट तरी हवे ना! ज्याच्याकडे नियुक्तिपत्रच नाही, फक्त बिल्ल्यासारखे एक ओळखपत्र आहे आणि त्यावरची मुदत दर वर्षी कुणाच्या तरी मर्जीवर वाढते, त्याने कामगार न्यायालयात काय दाखवायचे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तिने डिजिटल माध्यमांतल्या पत्रकारांनाही व्याख्येत घेतले, हे बरे झाले. मुख्य व्यवसायाची अट तशीच आहे.

आता गंमत पाहा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, म्हणून त्या दिवशी आपण शाली पांघरतो. जांभेकरांचे पोट मात्र 'दर्पण'वर नव्हते. ते बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीत नोकरीला होते आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर चरितार्थासाठी वकिलीचे वर्ग काढले आणि लातूरच्या जिनिंगमध्ये भागीदारी केली. आगरकर 'सुधारक' चालवत होते तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकवत होते, शेवटी तिथले प्राचार्यही झाले. राज्य सरकार जांभेकरांच्या आणि टिळकांच्या नावाने पत्रकारांना पुरस्कार देते. 'मुख्य व्यवसाय' या निकषावर त्या दोघांचेही अर्ज आज छाननीतच बाद झाले असते, आणि झेरॉक्सवाल्या तालुका प्रतिनिधीच्या शेजारी ते बाकावर बसले असते.

कुणी म्हणेल, ते ध्येयवादी होते, यालाही ध्येय असू दे की! हे वाक्य मी सत्कार समारंभात इतक्यांदा ऐकले आहे की ते म्हणणाऱ्याच्या गळ्यातला हार आधी पाहतो. फरक साधा आहे. जांभेकर, टिळक, आगरकर यांच्या लेखणीवर दुसऱ्या कुणाच्या जाहिरात खात्याची मेहरबानी नव्हती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाण्याहून आणि नंतर तरवडीहून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' हे साप्ताहिक काढले आणि १९६७ मध्ये गेले तोवर ते लिहीत राहिले. सत्यशोधक विचाराचे पत्र, तेही शहरात नाही तर खेड्यात. त्यांनी सोसले खूप, कर्जेही झाली असतील, पण कोणती बातमी घ्यायची आणि कोणती टाकायची, हे त्यांच्याच ओसरीवर ठरत होते. आजच्या तालुका प्रतिनिधीकडे मुकुंदरावांची गरिबी आहे. त्यांचा छापखाना नाही. स्वतःच्या छापखान्यासाठी सोसलेल्या हालांना त्याग म्हणतात. दुसऱ्याच्या छापखान्यासाठी सोसलेल्यांना काय म्हणायचे, ते सत्काराच्या भाषणात सांगितले जात नाही.

पुरस्कारांबद्दल माझी दुसरी तक्रार थोडी वेगळी आहे, आणि ती मला पैशाच्या तक्रारीइतकीच महत्त्वाची वाटते. पुरस्काराला एक बातमी लागते. ठळक, सुटी, कात्रण काढून फाइलला लावता येईल अशी. 'परिणाम' नावाच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही घडलेले हवे: अधिकारी निलंबित झाला, चौकशी लागली, रस्ता झाला. परीक्षकांना सोपे जाते, मलाही गेले. पण तालुक्यातल्या चांगल्या बातमीदाराचे खरे काम असे कात्रणात मावत नाही. तो वीस वर्षे दर सोमवारी तहसील कचेरीत जाऊन बसतो. ग्रामसभेला गावचे सहा लोक आणि हा सातवा. कोणत्या सर्कलला कोण तलाठी आहे, कुणाच्या सातबाऱ्यावर कुणाचे नाव अचानक चढले, कोणत्या आश्रमशाळेत पावसाळ्यात मुले का कमी होतात, हे त्याला माहीत असते ते कुठल्या शोधमोहिमेमुळे नाही, तिथे असण्यामुळे. एखादा कारकून त्याला कागद दाखवतो ते पंधरा वर्षांच्या चहामुळे. आणि पुष्कळदा त्याच्या असण्याचा परिणाम असा असतो की काहीतरी घडत नाही. 'पेपरवाला येतोय' एवढ्यावर रेशनचे पोते परत दुकानात जाते. जे घडलेच नाही त्याचे कात्रण कसे लावणार?

मी डेस्कवर असताना आमच्याकडे असे एक गृहस्थ होते. मोठी बातमी त्यांनी कधी दिली नाही. पण पीक कापणी प्रयोगापासून वसतिगृहाच्या जेवणापर्यंत त्यांनी पाठवलेला आकडा कधी चुकला नाही. आम्ही त्यांची बातमी न तपासता लावायचो, आणि हा आमच्या धंद्यात मिळू शकणारा सर्वांत मोठा मान आहे. त्यांना पुरस्कार मिळाला नाही. ते गेल्याची बातमी आम्ही आतल्या पानावर लावली, तीही त्यांच्या मुलानेच पाठवलेली.

आणखी एक गोष्ट वाचकांना सहसा कळत नाही. एकेकाळी दैनिकाची आवृत्ती एक असायची. खेड्यातली बातमी छापली की ती पुण्या-मुंबईत, मंत्रालयातही वाचली जायची. १९३२ मध्ये 'सकाळ' काढणाऱ्या ना. भि. परुळेकरांनी गावोगावच्या बातमीला पानावर जागा दिली, ती वाचक वाढवायलाही होती, पण त्यामुळे गाव पानावर आले. नंतर जिल्ह्याजिल्ह्याच्या आवृत्त्या निघाल्या, मग तालुक्याची पाने. स्थानिक बातम्या कितीतरी पटींनी वाढल्या आणि त्याच वेळी प्रत्येक बातमी आपापल्या कुंपणात अडकली. एका जिल्ह्यातल्या टाकीचा घोटाळा शेजारच्या जिल्ह्यातल्या वाचकाला दिसत नाही, आणि तिथेही तोच ठेकेदार असतो! आमच्या पुरस्कारविजेत्यांची बातमी चार महिने फक्त त्यांच्या जिल्ह्याच्या पाचव्या पानावर येत होती. ती जिल्ह्याबाहेर पहिल्यांदा गेली ती पुरस्काराच्या बातमीत, एका ओळीत. म्हणजे त्या दैनिकाला स्वतःच्याच बातमीदाराची बातमी राज्यभर छापण्याजोगी वाटली नव्हती. त्याचा सत्कार तेवढा वाटला.

आता जिवाचे. राजापूरचे शशिकांत वारिशे यांची बारसू रिफायनरीच्या वादाशी संबंधित बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी छापून आली. त्याच दुपारी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बातमी ज्याच्याबद्दल होती त्यालाच पोलिसांनी अटक केली. छत्तीसगडच्या बिजापूरमध्ये रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार दाखवणारे पत्रकार मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ ला बेपत्ता झाले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह ठेकेदाराच्या जागेतल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. या दोघांना दिल्ली-मुंबईने ओळखले ते मेल्यावर.

मिर्झापूरच्या पवन जायसवाल यांचे प्रकरण मला यांहून जास्त छळते, कारण त्यात रक्त नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी एका प्राथमिक शाळेत मुलांना पोषण आहारात मीठ-रोटी दिली जाते, याचा व्हिडिओ काढला. देशभर गाजला. प्रशासनाने गुन्हा दाखल केला तो त्यांच्यावरच, आणि जिल्ह्याच्या बड्या अधिकाऱ्याने विचारले काय, तर छापील वृत्तपत्राच्या पत्रकाराने व्हिडिओ कशाला काढायचा? पुढे त्यांचे नाव वगळले गेले. मे २०२२ मध्ये ते कर्करोगाने गेले. त्याआधी उपचाराच्या पैशांसाठी त्यांना समाजमाध्यमांवर लोकांपुढे हात पसरावे लागले होते. देश हलवणारी बातमी केलेल्या माणसाला दवाखान्याचे बिल भरायला चारचौघांत मागावे लागते, तेव्हा प्रश्न हल्लेखोरांचा राहत नाही.

महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात कायदा केला, तो विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये संमत केला. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारे आपण पहिले राज्य, हे अभिमानाने सांगितले जाते, सांगावेही. पण त्याही कायद्यात संरक्षण कुणाला? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी नोकरीत आहे त्याला. पुन्हा तेच दार, पुन्हा तेच कुलूप. तालुक्यात मार खाल्लेला माणूस पोलिस ठाण्यात जातो तेव्हा ठाणे अंमलदार पहिला प्रश्न विचारतो, "तुम्ही नेमके पत्रकार आहात का?" आणि त्याचे उत्तर जिल्हा कार्यालयातल्या कुणीतरी फोन उचलण्यावर अवलंबून असते. ज्येष्ठ पत्रकारांसाठी सरकारची दरमहा सन्मान योजना आहे, जांभेकरांच्याच नावाची. ११ हजारांवरून ती २० हजारांवर नेली. तिच्यासाठीही इतकी वर्षे पत्रकारिता केल्याचे पुरावे लागतात. ज्याला तीस वर्षे 'आमच्या वार्ताहराकडून' या दोन शब्दांच्या अंधारात ठेवले, त्याने पुरावा म्हणून काय जोडायचे?

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप नेहमी येतात, आणि दोन्ही खोटे नाहीत. पहिला आमच्याच जातभाईंबद्दल आहे. गाडीवर 'प्रेस' लिहून फिरणारे, बातमी लावण्याचे नाही तर न लावण्याचे पैसे घेणारे, वाळूच्या ट्रकमागे लागणारे लोक तालुक्यातालुक्यात आहेत. अशांना पगार आणि संरक्षण द्यायचे? मी म्हणतो, ही जमात तयार कशी होते ते पाहा. दैनिक माणसाला पैसे देत नाही, ओळखपत्र देते. मग ओळखपत्र हाच पगार होतो. ज्याला ते वटवता येत नाही तो पेट्रोल परवडत नाही म्हणून काम सोडतो, आणि ज्याला वटवता येते तो टिकतो. वीस वर्षे अशी चाळणी लावल्यावर वर काय राहणार? यात जे सरळ राहिले त्यांनी काय केले असेल, याचा विचार केला की मला खरेच हात जोडावेसे वाटतात. पण हात जोडून त्यांचे घर चालत नाही.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. छोट्या दैनिकाला हे परवडणार नाही. अंक विकून कागदाचा खर्चही निघत नाही. प्रत्येक वार्ताहराला पगार द्यायचा ठरवला तर निम्मे तालुके बंद करावे लागतील. हे खरे आहे, आणि मी ते झटकून टाकणार नाही. एका तालुक्यात आठ दैनिकांचे आठ प्रतिनिधी असतात आणि बहुतेक वेळा एकच प्रेस नोट आठ जागी छापतात. त्यांच्या जागी नीट पगार घेणारे तीनच राहिले तर पाच जणांचे ओळखपत्र जाईल, हे दुःख आहेच, आणि काही गावांत कुणीच पोचणार नाही, हा धोकाही आहे. तरी मी तीन पगारींच्या बाजूचा आहे. शिवाय परवडत नाही हे गाऱ्हाणे ज्यांच्या वीस-वीस आवृत्त्या आहेत त्यांच्या तोंडूनही तेवढ्याच करुण सुरात येते, ते मात्र ऐकवत नाही.

पुरस्कार बंद करा असे मी म्हणत नाही. पुरस्काराने माणसाभोवती एक कवच येते. नाव राज्यात गेलेल्याला हात लावताना तालुक्याचा दादा एकदा विचार करतो. साईनाथ यांनी आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून ग्रामीण बातमीदारांसाठी पुरस्कार सुरू केला, तो एका बातमीदाराने दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला हात होता. चित्रकूटच्या बायकांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'खबर लहरिया' या वृत्तपत्राला दोनच वर्षांत महिला पत्रकारांसाठीचा चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला, तो एकीला नाही, सगळ्यांना मिळून. आणि त्या बायकांना त्या कामाचा पगार मिळत होता. मला ती रीत आवडते. बातमी एकाची असली तरी ती छापून येण्यात संस्था असते, तर मग संस्थेलाही मंचावर बोलवा आणि तिलाच प्रश्न विचारा.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी आहे. प्रत्येक पुरस्काराच्या प्रवेशिकेत तीन रकाने वाढवा, आणि ते बातमीदाराने नाही, संपादकाने सही-शिक्क्यानिशी भरायचे. या व्यक्तीला नियुक्तिपत्र कधी दिले? गेल्या बारा महिन्यांत मानधन किंवा वेतन म्हणून किती रक्कम दिली? याच व्यक्तीकडून जाहिरातींची वसुली करून घेतली जाते का? रकाने कोरे राहिले म्हणून बातमीदाराची प्रवेशिका बाद करू नका, नाहीतर पुन्हा त्याच्याच पाठीत काठी. पुरस्कार त्याला द्या. फक्त मानपत्र वाचताना ही तीन उत्तरेही मोठ्याने वाचा, कोरी असली तर कोरी म्हणून वाचा, आणि मालक पहिल्या रांगेत बसलेले असताना वाचा. सरकारनेही शासनमान्य यादीतल्या दैनिकांना जाहिराती देताना हीच माहिती मागावी. खपाचा आकडा ज्या काटेकोरपणे मागितला जातो, त्याच काटेकोरपणे वार्ताहरांची यादी आणि त्यांना दिलेल्या पैशांचा तपशील मागायला काय हरकत आहे? सार्वजनिक पैसा जातो आहे, तो पाटाच्या शेवटच्या टोकाला पोचतो की नाही हे विचारायचा हक्क लोकांना आहे.

गेल्या वर्षी त्याच पत्रकार संघाने मला पुन्हा समितीवर घेतले. मी हे तीन रकाने लिहून पाठवले, वर एक सविस्तर पत्रही जोडले. आठवड्याने सचिवांचा फोन आला. सूचना सगळ्यांना फार आवडली म्हणाले, कार्यकारिणीत वाचूनही दाखवली. "पण सर, अडचण अशी झाली, की यंदाचे फॉर्म छापून झालेत. आणि छपाई त्या पेपरनेच फुकट करून दिलीय."